तात्यांची पोस्ट कोणाला दिसली?

मालवण तालुक्यात समुद्राजवळच्या एका वाडीत चार भावांचं सामाईक घर आहे. भावांपैकी आता एकच हयात आहेत. वाडी त्यांना तात्या म्हणते. एसटीतून निवृत्त झाल्यापासून ते आणि काकी बारा महिने तिथेच राहतात. बाकी तिघांची मुलं डोंबिवली, भांडुप आणि ठाण्याला. मे महिन्यात आणि गणपतीत घर भरतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये या घरात अबोला आला आणि त्याला कारण झाली फेसबुकवरची एक पोस्ट.

मी तालुक्यातल्या एका वाचनालयात ज्येष्ठांना मोबाइल वापरायला शिकवते. भांडुपची पुतणी माझ्या ओळखीची. तिने मला मे महिन्यात घरी बोलावलं. घरच्यांच्या संमतीने हे लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काय घडलं

गुढीपाडव्यानंतर तात्यांनी शाकारणीसाठी माणूस वर चढवला, तेव्हा माजघरावरचं आढं वाळवीने पोखरलेलं निघालं. चार वासेही गेले होते. नुसती कौलं परतून भागणार नव्हतं. तात्यांनी त्याच संध्याकाळी पोखरलेल्या लाकडाचा फोटो काढला आणि फेसबुकवर लिहिलं: घराचं आढं गेलंय, पावसाच्या आत बदलायला हवं, खर्च मोठा आहे, सगळ्यांनी मे महिन्यात लवकर या, बसून ठरवू. खाली चार लाइक आले. चारही वाडीतले.

तात्या थांबले. आठवडा गेला, दुसरा गेला. मुंबईहून कोणाचाही फोन नाही. मग त्यांच्या मनात एक जुनी पोस्ट आली. फेब्रुवारीत त्यांनी किनाऱ्यावर रापण ओढतानाचा व्हिडिओ टाकला होता, जाळ्यात बांगडे उसळतायत असा. त्यावर याच पुतण्यांनी बदाम टाकले होते, एकमेकांना टॅग केलं होतं, "तात्या, आमचा वाटा ठेवा" असं लिहिलं होतं. तात्यांनी दोन पोस्टी शेजारी ठेवल्या आणि निष्कर्ष काढला. माझ्यासमोर त्यांनी तो एका वाक्यात सांगितला: "बांगडे सगळ्यांका दिसतत. घर कोणाक दिसणा नाय."

इकडे मुंबईत उलटंच शिजत होतं. डोंबिवलीच्या पुतण्याला गावच्या एका मित्राकडून कळलं की तात्यांनी सुतार बोलावून घराचं माप घेतलं. त्याला वाटलं, काका परस्पर काम काढतायत, उद्या खर्च दाखवून घरावर हक्क सांगतील. घराच्या कागदावर सगळ्यांची नावं आहेत आणि वाटणी कधी झालेली नाही, त्यामुळे असा संशय यायला वेळ लागत नाही. त्यानेही फोन केला नाही. ठाण्याच्या भावाशी बोलला, तो म्हणाला, "बघू."

दोन्ही बाजूंना एकच वाटत होतं: समोरच्याला सगळं माहीत आहे आणि तो मुद्दाम गप्प आहे.

फेसबुकच का?

हा प्रश्न मी तात्यांना विचारला, कारण घराचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता. तात्या त्यातून दीड वर्षापूर्वी बाहेर पडले होते. रोजच्या शुभ सकाळने आणि फॉरवर्ड केलेल्या व्हिडिओंनी त्यांचा फोन भरायचा. पण खरं कारण वेगळं निघालं. सामाईक घराची गोष्ट एकेकट्याला फोन करून सांगितली तर उद्या कोणीही म्हणेल की मला नाही सांगितलं. "मी गुपचूप नाय सांगलंय, चार लोकांसमोर सांगलंय," असं ते दोनदा म्हणाले. आयुष्यभर एसटीत नोकरी केलेल्या माणसाची ही समज आहे: सूचना फलकावर लागली की ती सगळ्यांना पोचली. काकी आतून म्हणाल्या, "फोन करा म्हणान मी तेवाच सांगललंय."

व्हॉट्सअॅपने तात्यांना आणखी एक सवय लावली होती. तिथे निळ्या खुणा दिसतात, ग्रुपमधल्या निरोपाची माहिती उघडली तर कोणी वाचलं तेही कळतं. शिवाय तिथे निरोप ज्या क्रमाने आले त्या क्रमाने, ग्रुपमधल्या प्रत्येकाला मिळतात. फेसबुकही तसंच असणार, असं धरून ते चालले होते. ही चूक अडाणीपणाची मुळीच नाही. एकाच कंपनीची, एकाच फोनवरची दोन अॅप. एक प्रत्येक निरोप पोचवतं, दुसरं निवड करून दाखवतं, आणि हा फरक वापरणाऱ्याला पडद्यावर सहज दिसेल असा सांगितलेला नाही.

निवड कशी होते

फेसबुकचं न्यूज फीड, म्हणजे अॅप उघडल्यावर समोर येणारी पोस्टींची रांग, सप्टेंबर २००६ मध्ये आलं. आज ते कसं चालतं याची रूपरेषा कंपनीनेच सांगितली आहे. आपण अॅप उघडतो तेव्हा मित्र, ग्रुप आणि पेज यांनी टाकलेलं सगळं आधी एकत्र केलं जातं. मग प्रत्येक पोस्टीबद्दलच्या खुणा पाहिल्या जातात: कोणी टाकली, कधी टाकली, फोटो की व्हिडिओ, त्या माणसाच्या आधीच्या पोस्टींवर आपण काय केलं. त्यावरून अंदाज बांधला जातो की आपण ही पोस्ट पाहत थांबू का, कॉमेंट करू का, लपवू का. अंदाजांना गुण मिळतात आणि गुणांप्रमाणे रांग लागते. २०१३ मध्ये फेसबुकने सांगितलं होतं की एकदा अॅप उघडल्यावर सरासरी दीड हजार गोष्टी दाखवण्याजोग्या असतात. एवढ्या कोणी पाहत नाही. रांगेत मागे पडलेलं प्रत्यक्षात न दाखवल्यासारखंच होतं.

हे तात्यांना समजावताना मी पाटी घेऊन दारावर येणाऱ्या मासळीवालीचं उदाहरण घेतलं. कोणत्या घरात सुरमई खपते, कोणत्या घरात तारली, हे तिला पाठ असतं. दारात पाटी उतरवली की ती तुमच्या आवडीचं वर काढते. खालचं ती लपवत नाही, पण तुम्ही विचारल्याशिवाय ते तुम्हाला दिसतही नाही. तात्यांनी लगेच विचारलं, "मगे शेजारणीक वेगळा दिसता?" हो, वेगळं दिसतं. त्या दुपारी मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रश्न हाच. आपल्या पडद्यावर जे आहे तेच सगळ्यांच्या पडद्यावर आहे, ही समजूत तिथे मोडली.

या सगळ्यात वरून आणखी एक बदल झाला आहे. जानेवारी २०१८ मध्ये मार्क झुकेरबर्ग यांनी जाहीर केलं होतं की फीडमध्ये मित्र आणि कुटुंबाच्या पोस्टींना प्राधान्य मिळेल. पुढे टिकटॉकशी स्पर्धा लागली आणि जुलै २०२२ मध्ये अॅपचं मुख्य पान अनोळखी लोकांच्या व्हिडिओंसाठी मोकळं करण्यात आलं. तात्या पोस्ट टाकत होते त्याच एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत मेटावरचा, म्हणजे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप चालवणाऱ्या कंपनीवरचा, मक्तेदारीचा खटला सुरू झाला. तिथे मांडलेल्या आकड्यांनुसार फेसबुकवर लोकांचा जेमतेम १७ टक्के वेळ मित्रांनी टाकलेल्या गोष्टी पाहण्यात जातो. इन्स्टाग्रामवर तो ७ टक्के आहे. आकडे अमेरिकेतले आहेत, पण अॅप तेच आहे. नातेवाइकांना गाठायला म्हणून तात्या जिथे गेले, तिथे नातेवाइकांसाठी फारच थोडी जागा उरली होती.

ओटीवरचे पाच फोन

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सगळे आले तेव्हा वातावरण तापलेलं होतं. पुतणीने आधीच ठरवून टाकलं होतं की पैशांचा विषय निघायच्या आत फोन उघडायचे. जेवणं झाल्यावर तात्या, काकी, दोघे पुतणे आणि पुतणी यांचे फोन ओटीवर रांगेने ठेवले.

पहिल्यांदा डोंबिवलीच्या पुतण्याचं फेसबुक. लोकलच्या गर्दीचे व्हिडिओ, शेअर बाजार, क्रिकेट, आणि मग कोकणातल्या जमिनींच्या जाहिराती, एकामागून एक. खूप खाली गेलो तरी तात्या नाहीत. मग आम्ही तात्यांच्या नावावर जाऊन त्यांचं पान उघडलं. एप्रिलची पोस्ट तिथे होती. त्याने ती उभ्याउभ्या वाचली, फोटो मोठा करून पोखरलेलं आढं पाहिलं आणि म्हणाला, "तात्यानू, माका खरंच दिसला नाय." एरवी घरात प्रमाण मराठी बोलणारा हा मुलगा, तो मालवणीत बोलला यावरूनच तात्यांचा अर्धा राग उतरला असावा.

मग तात्यांना मी तिथल्या तिथे एक साधा फोटो टाकायला सांगितला, अंगणातल्या विहिरीचा. तासाभराने चारही फोनांवर फीड ताजं करून पाहिलं. काकी आणि पुतणीच्या फोनवर तो वर आला. दोन्ही पुतण्यांच्या फोनवर कितीही खाली गेलो तरी नाही. पण मेनूतल्या 'फीड्स' मध्ये जाऊन फक्त मित्रांच्या पोस्टी उघडल्यावर तिथे वेळेच्या क्रमाने सगळं लागतं, आणि तिथे तो फोटो दोघांनाही सापडला.

अशाच तुलनेवर एक गाजलेला अभ्यास उभा आहे. २०१५ मध्ये मोतहारे एस्लामी, कॅरी कॅराहालिओस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ४० फेसबुक वापरणाऱ्यांना 'फीडव्हिस' नावाचं साधन दाखवलं. एका बाजूला मित्रांनी टाकलेलं सगळं, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष दाखवलेलं. त्या ४० जणांपैकी निम्म्याहून अधिक, ६२.५ टक्के, लोकांना फीड निवडलं जातं हेच ठाऊक नव्हतं. आणि माझ्या दृष्टीने खरी बाब पुढची: एखाद्या मित्राच्या पोस्टी दिसेनाशा झाल्या, तर त्याने आपल्याला दूर केलं असं त्यांच्यापैकी काहींनी धरलं होतं. दोष नात्यावर गेला होता. ती माणसं इंटरनेट जिथे वाढलं त्या देशातली. तात्यांना "तुम्हाला कळत नाही" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कोणाला किती ठाऊक होतं

फोन पाहण्याआधी मी प्रत्येकाला एकेकटं गाठून एकच प्रश्न विचारला होता: मित्रांनी टाकलेलं सगळं तुम्हाला दिसतं का?

तात्या म्हणाले, दिसतं. काकींनी विचार करून उत्तर दिलं की आपण ज्याला लाइक करतो तो परत येतो. त्यांनी एकदा घावन्यांचा व्हिडिओ पाहिला होता आणि आता घावनेच घावने. 'अल्गोरिदम', म्हणजे ही निवड करणारी यंत्राची रीत, हा शब्द त्यांनी कधी ऐकलेला नाही, पण घरात सर्वांत नेमकं निरीक्षण त्यांचंच होतं.

डोंबिवलीचा पुतण्या खासगी कंपनीत संगणकावर काम करतो. "अल्गोरिदम असतो, त्यात काय," तो म्हणाला. त्याचं मत असं की फोन आपलं बोलणं ऐकतो, म्हणून घरात जमिनीचा विषय निघाला की जाहिराती येतात. ही समजूत सर्वत्र आहे. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाने २०१८ मध्ये सतरा हजारांहून अधिक अँड्रॉइड अॅप तपासली तेव्हा चोरून आवाज पाठवल्याचा पुरावा मिळाला नाही. कोकणातल्या प्लॉटचा एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहणं, गावाकडे जाणं, गावच्या लोकांशी जोडलेलं असणं, एवढ्या खुणा जाहिरातीला पुरतात. नको असलेल्या गोष्टींवर 'नॉट इंटरेस्टेड' दाबलं की त्या थांबतात, असाही त्याला विश्वास होता. मोझिला फाउंडेशनने २०२२ मध्ये यूट्यूबवर हे वीस हजारांहून जास्त स्वयंसेवकांसह तपासलं. त्या बटणाने नको असलेल्या शिफारशींपैकी फक्त ११ टक्के टळल्या, आणि 'हे चॅनल सुचवू नका' या बटणाने ४३ टक्के.

पण माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीने वेधलं. शब्द ठाऊक असलेल्या या मुलाला महिनाभर एकदाही वाटलं नाही की काकांनी काही लिहिलं असेल आणि ते आपल्यापर्यंत आलं नसेल. अल्गोरिदम त्याच्या लेखी जाहिरातींचा होता, राजकारणाचा होता. स्वतःच्या काकांच्या आणि आपल्यामध्येही तोच बसला आहे, हे त्याच्या मनात आलं नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या २०१८ च्या पाहणीत अमेरिकेतल्या ५३ टक्के फेसबुक वापरणाऱ्यांनी फीडमध्ये अमुकच पोस्टी का येतात ते आपल्याला कळत नाही असं सांगितलं होतं. हा पुतण्या उरलेल्या गटात बसला असता. आपल्याला कळतं, असं त्याने लिहिलं असतं.

घरात खरं समजलेली एकच होती, पुतणी. ती आंबा, कोकम आणि मालवणी मसाला विकते, इन्स्टाग्रामवर तिचं धंद्याचं खातं आहे. तिने मला सरळ सांगितलं की पोस्ट सगळ्यांना जात नाही. रील कोणी शेवटपर्यंत पाहिली आणि कोणी पुढे पाठवली यावर पुढचं ठरतं. २०२५ च्या जानेवारीत इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी पाहण्याचा वेळ, लाइक आणि पुढे पाठवणं या तीन खुणांना सर्वांत मोलाचं म्हटलं होतं, त्याच्याशी तिचा अनुभव जुळतो.

तिला हे कसं कळलं? ती शिकवणीला गेली नव्हती. धंद्याच्या खात्यात प्रत्येक रीलखाली ती किती जणांपर्यंत गेली याचा आकडा येतो. एक रील काही हजारांना दिसली आणि दुसऱ्या दिवशीची दीडशेला, हे तिने वारंवार पाहिलं. आकडा समोर असला की निवड होते आहे हे कोणालाही कळतं. तात्यांच्या साध्या खात्यावर असा आकडा नाही. त्यांना फक्त चार लाइक दिसले. न दिसलेल्या सगळ्यांचं मौन त्यांनी वाचलं आणि त्याचा अर्थ आपल्या भावकीच्या हिशेबाने लावला.

या प्रकरणातून मला ठामपणे म्हणायचं आहे ते हेच. विकणाऱ्याला पोच, म्हणजे पोस्ट किती जणांपर्यंत गेली ती संख्या, सांगितली जाते, कारण त्याने उद्या जाहिरातीसाठी पैसे भरावेत अशी अपेक्षा असते. घरचा निरोप टाकणाऱ्याला ती सांगितली जात नाही. "तुमच्या मित्रांपैकी इतक्यांना ही पोस्ट दिसली" अशी एक ओळ तात्यांच्या पोस्टीखाली असती, तर त्यांनी तिसऱ्या दिवशी फोन उचलला असता. ती ओळ लिहिणं कंपनीला अवघड नाही. आकडा तिच्याकडे आहेच. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने मोठ्या मंचांवर दोन बंधनं घातली आहेत: शिफारशी कशावरून ठरतात ते सांगणं, आणि माणसाच्या वागण्यावर न बेतलेली फीड निवडण्याची सोय देणं. आपल्याकडच्या २०२१ च्या आयटी नियमांत अशी सोय सक्तीची नाही. साक्षरतेचे वर्ग मी घेत राहीनच, पण हा भार सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने एकट्याने का उचलावा, याचं उत्तर मला मिळत नाही.

ठाण्याचा भाऊ

इथे प्रकरण संपलं असतं तर लिहायला सोपं गेलं असतं. ठाण्याच्या पुतण्याचा फोन ओटीवर होता, विहिरीचा फोटो त्यालाही आला नव्हता, आणि सगळ्यांनी त्यालाही निर्दोष धरलं. संध्याकाळी त्याने स्वतःहून सांगितलं की एप्रिलची पोस्ट त्याने पाहिली होती. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, वाट्याला किती येईल या भीतीने तो गप्प बसला. डोंबिवलीच्या भावाला "बघू" म्हणाला ते म्हणूनच.

मला त्याचं सांगणं फार मोलाचं वाटलं. कारण तोवर घरात नवीच सोय तयार झाली होती: सगळं अल्गोरिदमने केलं. तात्यांनी तर वाडीतल्या एका जुन्या भांडणाचाही ठपका फेसबुकवर ठेवायला सुरुवात केली होती. आधी सगळे बघतात अशी समजूत, मग कोणीच बघत नाही अशी. दुसरी समजूत पहिलीइतकीच कच्ची आहे. पोस्ट कोणाला दाखवायची ते यंत्राने ठरवलं. दिसल्यावर गप्प बसायचं की नाही, हे पुतण्याने ठरवलं. काकी त्याला रागावल्या नाहीत. "पैशे नायत तर नाय म्हणान सांग," एवढंच म्हणाल्या.

पुढे

खर्चाचे वाटे ठरले. ठाण्याचा वाटा दिवाळीनंतर. सामान येईपर्यंत मात्र वेळ गेली. त्या वर्षी मोसमी पाऊस २५ मेलाच तळकोकणात उतरला, नेहमीपेक्षा दहा-बारा दिवस आधी. आढ्याला टेकू दिला, वर ताडपत्री घातली आणि माजघरातलं सामान पडवीत हलवलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बोलणं झालं असतं तर काम कोरड्यात उरकलं असतं. गणपती त्या वर्षी पडवीत बसले आणि नवं आढं नोव्हेंबरात चढलं.

फोनांवर तीन बदल केले. फक्त घराच्या कामांसाठी नवा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला, त्यात शुभ सकाळ चालत नाही. तात्या आत आहेत आणि निळ्या खुणा मोजतात. दोन्ही पुतण्यांनी फेसबुकवर तात्यांना 'फेव्हरिट्स' मध्ये घातलं, तिथे तीस जणांपर्यंत नावं ठेवता येतात आणि त्यांच्या पोस्टी वर येतात. 'फीड्स' ची वाट मात्र टिकली नाही. ती मेनूत आत दडलेली आहे आणि अॅप पुन्हा उघडलं की मुख्य पानच समोर येतं. डोंबिवलीचा पुतण्या काही दिवस तिथे गेला, मग विसरला. ज्या सवयीला रोज मुद्दाम जावं लागतं ती कामावरून थकून आलेल्या माणसाकडून टिकत नाही, आणि मेनूची रचना करणाऱ्यांना हे आपल्याहून चांगलं ठाऊक आहे.

गणपतीत तात्यांनी पडवीतल्या मूर्तीचा फोटो फेसबुकवर टाकला आणि लगेच डोंबिवलीच्या पुतण्याला फोन लावून विचारलं, दिसला काय? पुतण्या तेव्हा आत मोदक वळत बसलेल्या बायकांना नारळ खवून देत होता. त्याने हात पुसून फोन उघडला. फोटो तिसऱ्या क्रमांकावर होता, वर दोन जाहिराती.